मार्से येईपर्यंत झाड बंद

आमच्या चर्चची घंटा मी वाजवतो. वडिलांनंतर हे काम माझ्याकडे आलं. त्याचा एकच फायदा आहे. मनोऱ्यावर चढलं की अख्खं गाव दिसतं आणि गावाला आपण दिसत नाही. कोण शेजाऱ्याची कोंबडी हाकलतंय, कोण नवऱ्याशी भांडून मागच्या दारानं माहेरी निघालंय, सगळं दिसतं. इंडोनेशियातल्या सापारुआसारख्या बेटावर माणसाला एवढी करमणूक पुरते.

मनोऱ्याच्या अगदी पायाशी वेल्मिन्चेचं घर आहे. गावातली पोरं तिला ओमा मिन्चे म्हणतात, म्हणजे मिन्चे आजी. मी तिच्याहून लहान, म्हणून मी उसी म्हणतो, म्हणजे ताई. तिचा नवरा मासेमारीच्या बोटीवर गेला आणि लांब सोरोंगच्या बंदरात तापानं वारला. तेव्हा मुलगी मार्से पाळण्यात होती. उसीनं दुसरं लग्न केलं नाही. सागूच्या भाकऱ्या मातीच्या साच्यात भाजून विकायच्या आणि लवंगेच्या दिवसांत लोकांच्या झाडांवरची लवंग तोडून द्यायची, यावर तिनं मार्सेला वाढवली. लवंगेच्या झाडावर चढण्यात गावातला एकही गडी तिचा हात धरू शकत नव्हता. मी तर नाहीच. मी मनोऱ्यावर चढतो ते जिना आहे म्हणून.

तिच्या अंगणात गंदारियाचं एक जुनं झाड आहे. आपली कैरी अंगठ्याएवढी झाली तर कशी दिसेल, तसं फळ. मिठात बुडवून खाल्लं की डोळे आपोआप मिटतात. झाड मात्र भलं थोरलं. फांद्या हाताच्या अंतरावरून सुरू होतात आणि थेट माझ्या घंटेपर्यंत जातात.

मार्से शिकायला आंबोन शहरात गेली, तिथंच नोकरीला लागली, तिथंच लग्न केलं. घरात उसी एकटी उरली. मग शाळा सुटल्यावर गावातली पोरं त्या झाडावर यायला लागली. हिनं बोलावलं नाही आणि हाकललंही नाही. ती अंगणात चुलीपाशी बसून भाकऱ्या भाजायची आणि वर बघायची.

पोरांनी फांद्यांना नावं दिली होती. सगळ्यांत खालच्या दुबेळक्याचं नाव चूल. त्याच्या वर होडी, कारण ती फांदी मध्ये खोलगट आहे. त्याच्या वर मुख्याध्यापक, कारण तिथं जायला सगळे घाबरायचे. आणि शेवटची घंटा, जिथून माझ्याशी बोलता यायचं. शाळेतल्या इयत्तेपेक्षा पोरांना या इयत्तेचा अभिमान जास्त. "तू कितवीत?" विचारलं की पोरगं म्हणायचं, "तिसरीत. पण होडीत!"

उसीचा नियम एकच होता. कुणी कुणाला वर चढवायचं नाही आणि कुणी कुणाला खाली उतरवायचं नाही. ज्याचे हातपाय जिथवर पोचतील, ती त्याची फांदी. एकदा बेनी नावाचा पोरगा होडीवर जाऊन अडकला आणि गळा काढून रडायला लागला. त्याची आई धावत शिडी घेऊन आली. उसीनं शिडी अडवून धरली.

"अगं मिन्चे, पोरगं पडेल माझं!"

"हात घट्ट आहेत त्याचे. बघ ना. तोंड तेवढं सुटलंय." मग वर बघून तिनं विचारलं, "बेनी, काल घरी काय होतं रे जेवायला?"

"मासे," वरून रडका आवाज.

"कसले?"

"पिवळ्या रश्श्यातले."

"काटे कुणी काढून दिले?"

"मीच काढले!"

"खोटं बोलू नकोस. तुझ्या आजीनं काढले असणार."

"नाही! मीच काढले!" बेनी चिडला. चिडल्यावर त्याचा डावा पाय खालची गाठ शोधू लागला, मग उजवा, आणि काट्यांवरून भांडता भांडता तो चुलीवर येऊन उभा राहिला. आपण उतरलो हे त्याला आईनं पोटाशी धरल्यावर कळलं.

हाच बेनी शाळेत दोन मिनिटं एका जागी बसत नसे. पेन्सिल मुठीत धरायचा, कुदळ धरल्यासारखी. झाडावर एक पावसाळा काढल्यावर त्याची बोटं सुटी झाली आणि अक्षर ओळीवर आलं. बाईंना नवल वाटलं. मला नाही वाटलं. मी वरून रोज बघत होतो. पोरगं फांदीला हात घालण्याआधी थांबतं, वाळकी आहे का बघतं, पाय कुठं ठेवायचा ते ठरवतं, आणि चुकलं तर तिथल्या तिथं दुसरा विचार करतं. ते करताना त्याचं तोंड बंद असतं. शाळेत हे त्याला कुणी करायला लावत नाही. तिथं नुसतं तोंड बंद ठेवायला लावतात.

मग ते लवंगेच्या भरघोस पिकाचं वर्ष आलं. मार्से सुट्टी काढून आली, सोबत सहा वर्षांची लीस. ही उसीची एकुलती नात. उसीला चार दिवस आभाळ ठेंगणं झालं. लीस शहरातली पोर, पहिल्या दिवशी झाडाला नुसता हात लावून बसली. तिसऱ्या दिवशी चुलीवर चढली आणि स्वतः उतरली. त्या रात्री उसीनं मला बोलावून गूळ घातलेली सागूची खीर खायला घातली, एवढी ती खूश होती.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मनोऱ्यावर दोर बदलत होतो. अंगणात मार्से आणि लीस दोघीच होत्या. मार्सेच्या हातात नवा फोन होता. ती लीसला म्हणाली, "अजून वर जा ना, छान दिसशील, पप्पांना पाठवू." लीस मान हलवून नाही म्हणाली. मार्सेनं तिला काखेत हात घालून उचललं आणि होडीवर बसवलं. मग फोन डोळ्यांसमोर धरून दोन पावलं मागे गेली. लीसनं खाली बघितलं. आपण इथवर कसे आलो हे तिच्या हातापायांना ठाऊकच नव्हतं.

हात मोडला. कोपराच्या वर, वाईट मोडला. पोरीच्या किंकाळीनं शेजारीपाजारी गोळा झाले. उसी स्वयंपाकघरातून धावत आली. मार्सेचा चेहरा पांढरा पडला होता, आणि कुणीतरी विचारलं, "कशी पडली? कुणी चढवलं एवढं वर?"

मार्से ओरडली, "आई, तुझ्या या झाडानं!"

उसी तिच्याकडे बघत राहिली. मग सगळ्यांना म्हणाली, "हो. माझंच लक्ष नव्हतं."

संध्याकाळच्या बोटीनं दोघी आंबोनच्या दवाखान्यात गेल्या. मी तडक उसीकडे गेलो. म्हटलं, "मी पाहिलंय. कुणी चढवलं ते मी डोळ्यांनी पाहिलंय."

"मीही पाहिलंय," ती म्हणाली. "खिडकी उघडी होती."

"मग?"

"मग काय? तिच्या पोरीचा हात मोडलाय. त्यावर आणखी हे ओझं देऊ? सोले, तू घंटा वाजव. तोंड वाजवू नकोस."

मी शब्द दिला आणि वाजवलं नाही. पण राग आला, तो अजून गेलेला नाही.

पुढच्या महिन्यात गावातल्या आयांनी पोरांना झाडाकडे फिरकायची बंदी केली. पोरं चोरून येत, मग त्यांच्या आया उसीच्या दारात येऊन भांडत. शेवटी एकीचा नवरा करवत घेऊन आला. झाडच नको म्हणाला. त्या रविवारी उसी चर्चमध्ये उठून उभी राहिली आणि तिनं झाडावर सासी मागितली. सासी म्हणजे आमच्याकडची बंदी. नारळाची कोवळी झावळी खोडाला बांधतात, पाद्री सगळ्यांसमोर प्रार्थना करतात, आणि सासी सुटेपर्यंत त्या झाडाला हात लावायचा नाही. तोडायचं तर नाहीच. खाली पडलेलं फळसुद्धा कुणी उचलत नाही. पोलिसाला न भिणारा माणूस सासीला भितो.

साधारणपणे लोक म्हणतात, फळ पिकेपर्यंत बंद. उसी म्हणाली, "माझी मुलगी मार्से स्वतः येऊन इथं उभी राहून उघडेपर्यंत बंद."

माणसाच्या नावावर सासी बांधल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. पण तेव्हाच्या पाद्रीबाई तरुण होत्या, त्यांना हे गोड वाटलं. त्यांनी प्रार्थना करून टाकली. झालं. शब्द बांधला गेला.

बाहेर आल्यावर मी म्हटलं, "उसी, डोकं फिरलंय का तुझं? ती नाही आली तर?"

"येईल. करवतवाल्यापासून झाड वाचलं ना? आणि तिला यायला निमित्त झालं. आईला भेटायला जाते म्हणायला तिला जड जाईल. झाड उघडायला जाते म्हणणं सोपं आहे."

मार्से आली नाही. फोन करायची, तोही चर्च सुटल्यावर, घाईघाईत. लीसचा हात जुळला. उसी विचारायची, "कधी येतेस?" आणि तिकडून उत्तर यायचं, "पुढच्या महिन्यात बघते." मीही एकदोनदा फोन केला. "काका, कामाचं फार आहे हो," म्हणाली. मला इतका संताप आला की सगळं बोलून टाकावंसं वाटलं. पण शब्द दिला होता.

झाडाला मात्र कुणाची पर्वा नव्हती. दर मोसमाला लगडायचं. फळं पडायची, फुटायची, जांभळ्या बिया उघड्या पडायच्या, आंबूस वास थेट चर्चमध्ये यायचा. वटवाघळांची चैन झाली. उसी चुलीपाशी बसून वर बघायची, तिथं पानंच पानं. पहिल्या वर्षी तिची वर बघायची सवय गेली नाही. मग गेली. मी मनोऱ्यावरून हाक मारली तर हात हलवायची, पण मान वर करायची नाही.

तिच्या दाराशी कुणी येईना. भाकऱ्या न्यायला बायका यायच्या, त्या घाईत. संध्याकाळी ती दोन ताटल्या घ्यायची आणि मग एक परत ठेवायची. मी कधी जेवायला थांबलो तर म्हणायची, "घरी बायको वाट बघत असेल, जा." आणि मी निघालो की फाटकापर्यंत यायची, काहीतरी आठवल्यासारखं करून आणखी थोडं बोलायची. माणूस एकटा पडला की त्याला फाटकापाशीच सगळं आठवतं.

बंदी एका झाडावर होती, पण आयांना सवय लागली. मग कुठल्याच झाडावर पोरं दिसेनात. नंतरच्या लवंगेच्या मोसमात बेनीचा धाकटा भाऊ, चांगला दहा वर्षांचा घोडा, खाली टोपली धरून उभा. शिडीवर धाडला तर तिसऱ्या पायरीला मिठी मारून बसला. मी त्याच्या बापाला म्हटलं, "पोराला काय झालंय?" तो म्हणाला, "काही नाही, जपतो आम्ही त्याला." मी म्हटलं, "जपा जपा. लोणच्यासारखं बरणीत घालून ठेवा." त्यावरून तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही.

मधल्या काळात पाद्रीबाईंची बदली झाली. नव्या पाद्रीबाई वयानं मोठ्या, समंजस. मी त्यांना विनवलं, सोडा ती सासी, म्हातारी झिजत चालली आहे. त्यांनी उसीला विचारलं. उसी म्हणाली, "देवासमोर मुलीचं नाव घेतलंय. आता ते पुसून टाकू? म्हणजे ती येणार नाही असं मीच सांगितल्यासारखं होईल." पाद्रीबाईंनी झावळीला हात लावला नाही.

आणि मग एका शनिवारी दुपारच्या बोटीनं मार्से उतरली. सोबत लीस, आता अकरा वर्षांची, उंच, खांदे आत घेतलेली. बोट आणि धक्का यांच्यामध्ये फळी टाकतात. गावातल्या म्हाताऱ्या डोक्यावर पोतं घेऊन तिच्यावरून येतात. लीस तिथं थांबली ती थांबलीच. शेवटी दोन खलाशांनी तिला दोन्हीकडून धरून आणलं. पोरीनं डोळे घट्ट मिटले होते.

नंतर मार्सेनंच मला सांगितलं. शाळेत लीसचा वर्ग वरच्या मजल्यावर गेला होता आणि ती भिंतीला चिकटून जिना चढायची. पोरी हसायच्या. खेळाच्या तासाला ती दप्तरं सांभाळत बसायची. मार्सेनं रागावून पाहिलं, समजावलं, आमिषं दाखवली. एके दिवशी लीसच म्हणाली, "मला ओमाकडे ने. मला चढता यायचं तिथं."

"एका दुबेळक्यापर्यंत चढली होती ती, काका," मार्से म्हणाली. "एवढंसं. पण तिच्या ते लक्षात आहे."

रविवारी मार्से चर्चमध्ये उठून उभी राहिली. उसी पहिल्या बाकावर होती, रविवारच्या काळ्या कपड्यांत, पाठ ताठ. पाद्रीबाईंनी विचारलं, "झाड कुणासाठी उघडायचं?" मार्से म्हणाली, "माझ्या मुलीसाठी. आणि सगळ्यांच्याच मुलांसाठी." प्रार्थना झाली. मी घंटा वाजवली, जरा जास्तच वाजवली.

त्या दुपारी अर्धं गाव अंगणात लोटलं. वाळून कोळ झालेली झावळी काढली. गंमत म्हणजे फळं तोडायला झाडावर कुणीच चढेना. पोरं खालून काठ्या मारत होती, मोठी माणसं आकड्या लावत होती. टोपल्या भरल्या, लोक गेले. अंगणात उसी, मार्से, लीस आणि मी एवढेच उरलो. मी जायला हवं होतं, पण गेलो नाही.

लीस खोडापाशी गेली. हात लावला. एक पाय मुळावर ठेवला आणि काढला. पुन्हा ठेवला. बराच वेळ हेच चाललं होतं. मार्सेला राहवेना. ती पुढे झाली आणि तिनं पोरीच्या काखेत हात घातले.

"हात काढ," उसी म्हणाली. आवाज चढला नव्हता.

मार्सेनं विस्तव लागल्यासारखे हात मागे घेतले. आणि ते तसेच पुढे धरून ती रडायला लागली. "आई, त्या दिवशी मीच... मीच बसवलं होतं तिला वर. फोटोसाठी. आणि तुझ्यावर ढकललं सगळं. तुला कळलं तर तू माझं तोंड बघणार नाहीस म्हणून मी इतकी वर्षं..."

"ठाऊक आहे मला," उसी म्हणाली. "खिडकीतून दिसत होतं."

"त्याच दिवशी?"

"त्याच दिवशी."

"मग बोलली का नाहीस?"

"मला ठाऊक आहे हे तुला कळलं, तर तू लाजेनं यायची नाहीस. म्हणून."

तेवढ्यात वरून आवाज आला, "मला पण ठाऊक होतं."

लीस चुलीवर बसली होती. कधी चढली, आम्हा तिघांपैकी कुणीही पाहिलं नाही. दोन्ही हातांनी फांदी धरून, पाय सोडून. "पप्पांना फोटो पाठवायचा होता तुला," ती आईला म्हणाली. "पण तू कधी बोलली नाहीस, म्हणून मीही बोलले नाही. तुला वाईट वाटलं असतं."

मार्से मटकन खाली बसली. लीस तिथं थोडा वेळ बसली आणि मग, कुणी न सांगता, पोटावर वळून, पायानं चाचपत खाली उतरली. तळहात खरवडले होते. ती ते पुन्हापुन्हा बघत होती.

शाळा बुडत होती, म्हणून सोमवारी सकाळच्या बोटीनंच त्या गेल्या. मार्सेनं आईला घट्ट मिठी मारली, पुढच्या महिन्यात नक्की येते म्हणाली, आणि या वेळी मला ते खरं वाटलं.

संध्याकाळी मी उसीकडे गेलो. शेजारची दोन पोरं चुलीवर बसायला भांडत होती, पण उसी वर बघत नव्हती. बाकावर बसली होती, हात मांडीत.

"सोले," ती म्हणाली, "तिला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. पोरीला ठाऊक होतं."

"मलाही," मी म्हटलं.

"मग एवढी वर्षं आम्ही हे लपवलं तरी कुणापासून?"

मी तिच्या शेजारी बसलो. ती माझ्यापेक्षा कितीतरी कणखर बाई, नवरा गेला तेव्हाही गावानं तिचे डोळे ओले पाहिले नव्हते. त्या संध्याकाळी ती हुंदके देऊन रडली, आणि पोरं भांडण सोडून झाडावरून खाली बघू लागली.